प्रार्थनेतले चेहरे

पाळकसाहेबांना रजा मिळाली तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते, आणि रजेत काय करायचं असतं हे त्यांना सांगू शकणारं एकमेव माणूस दोन वर्षांपूर्वी वारलं होतं. बायको असती तर तिने बॅग भरून दिली असती आणि निघताना दोन टोमणेही मारले असते. आता त्यांनी स्वतःच बॅग भरली. सात शर्ट घेतले, पायजमा एकही नाही.

एकाच चर्चमध्ये एकतीस वर्षं काम केलं म्हणून कमिटीने ही तीन महिन्यांची रजा दिली होती. फिरा, चित्रं बघा, आराम करा, चर्चचं नावही काढू नका, असं सेक्रेटरींनी बजावलं होतं. फक्त रजा संपायच्या आत एक पत्र पाठवायचं होतं. आणखी तीन वर्षं काम करणार की निवृत्त होणार, एवढंच त्यात लिहायचं. कमिटीला वाटत होतं, पाळकसाहेब 'करणार' म्हणतील. पाळकसाहेब मात्र पत्राचा विचार आला की दुसरंच काही काम काढायचे.

कारण कुणालाही ठाऊक नसलेली एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. बायको गेल्यापासून त्यांना प्रार्थना करता येत नव्हती. चर्चमध्ये यायची, नाही असं नाही. आजाऱ्यांसाठी, नवरीसाठी, परीक्षेला बसलेल्यांसाठी शब्द आपोआप यायचे, तो आता हातचा मळ झाला होता. पण खोलीत एकटे गुडघे टेकून बसले की पलीकडे कुणी आहे असं वाटायचंच नाही. ज्याला स्वतःसाठी दोन वाक्यं बोलता येत नाहीत त्याने दीडशे माणसांच्या वतीने किती दिवस बोलायचं? आणि नाही बोलायचं, तर मग आपण कोण? निवृत्त झाल्यावर चर्चचं घर सोडावं लागेल याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. 'पाळकसाहेब' ही हाक सोडावी लागेल, याने मात्र त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

तीन महिन्यांत चार शहरं बघायची असं ठरवून ते निघाले आणि पहिल्याच शहरात अडकले. गुडघे दुखत होते हे एक कारण. दुसरं म्हणजे तिथल्या संग्रहालयाच्या तळमजल्यावर म्हाताऱ्या लोकांसाठी चित्रकलेचा वर्ग चालायचा, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला. लहानपणी त्यांचा हात बरा होता. पुढे उपदेशाच्या टिपणांच्या समासात नाकं आणि कान काढण्यापलीकडे मजल गेली नव्हती. त्यांनी नाव घातलं. काय करत होता, असं विचारल्यावर 'शाळेत होतो' असं सांगून मोकळे झाले. पाळक म्हटलं की माणसं सिगारेट लपवतात आणि जपून बोलायला लागतात, याचा त्यांना कंटाळा आला होता. आयुष्यातलं हे पहिलंच खोटं असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि तेही काही खरं नव्हतं.

वर्गात नऊ जण होते. मास्तरीणबाई चाळिशीच्या, कडक, आणि कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. शेजारच्या टेबलावर एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर बसायचा. त्याला इंजिनाशिवाय दुसरं काही काढायचं नव्हतं, पण गप्पा सगळ्या जगाच्या. त्याच्यामुळे पाळकसाहेबांचे मंगळवार आणि शुक्रवार बरे जायचे. बाकीचे पाच दिवस ते भाड्याच्या खोलीत खिडकीशी बसायचे, समोरच्या इस्त्रीच्या दुकानाकडे बघत. दोन-दोन दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. एकदा दुकानात पाव मागताना आवाजच फुटेना. इतकं एकटं आपण कधीच नव्हतो, असं त्यांना वाटलं. मग वाटलं, होतो बहुतेक, लक्षात आलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात मास्तरीणबाईंनी घरचा अभ्यास दिला. ओळखीची पाच माणसं आठवणीतून काढून आणा, फोटो समोर ठेवायचा नाही. पाळकसाहेब कामाला लागले आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. चर्चच्या मंडळीतली माणसं भराभर कागदावर उतरत होती. टपाल कचेरीतला कारकून, त्याचा आवळलेला जबडा. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंच्या कपाळावरची उभी आठी. तीन मुली उजवलेला सुतार. शुक्रवारी ते शाळकरी पोरासारखे वहीवर हात ठेवून बसले.

मास्तरीणबाईंनी पाचही चित्रं टेबलावर ओळीने मांडली. बराच वेळ बघितलं. चेहरे जिवंत आहेत म्हणाल्या, आणि ड्रायव्हरने भुवया उंचावल्या, कारण बाईंच्या तोंडून असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "पण हे सगळे झोपलेत का?"

पाळकसाहेबांनी पाहिलं. पाचही जणांचे डोळे मिटलेले होते. काढताना त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"झोपले नाहीत, प्रार्थना करतायत," ते बोलून गेले.

ड्रायव्हरने चित्रांकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "आणि तुम्ही काय करत होता?"

बिंग फुटलं. शाळेचं तर फुटलंच. ड्रायव्हर हसून म्हणाला की त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तुम्ही 'बसा' म्हणता तेव्हा माणूस चर्चमधल्यासारखा हात जोडून बसतो. पण पाळकसाहेब हसू शकले नाहीत. ते एकतीस वर्षं प्रार्थनेत डोळे उघडे ठेवत आले होते. सुरुवात घड्याळ बघण्यापासून झाली. मग डोकी मोजायला लागले. मग चेहरे बघायची गोडी लागली. डोळे मिटलेला माणूस काही लपवत नाही. कुणाच्या घरी काय बिनसलंय हे रविवारी जबड्यावरून कळायचं आणि सोमवारी ते त्याच्या दारात हजर. पाळकसाहेबांना न सांगताच कळतं, अशी त्यांची ख्याती झाली होती. ती ख्याती चोरून बघण्यावर उभी होती. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे पाठ फिरवून ते एकतीस वर्षं माणसांकडे बघत होते, आणि आता पलीकडे कुणी नाही म्हणून तक्रार करत होते.

खोलीवर येऊन त्यांनी बायकोचं चित्र काढायला घेतलं. हनुवटी आली, कानामागे खोचलेली बट आली, पापण्या तर हुबेहूब आल्या. डोळे येईनात. घट्ट मिटलेलेच यायचे. घरात तिने कितीदा तरी त्यांच्याकडे बघितलं असेल. तेव्हा ते ताटाशेजारी उपदेशाचे कागद ठेवून जेवत असत. रविवारपर्यंत त्यांनी अकरा कागद वाया घालवले आणि अखेर मेव्हणीला फोन लावला.

मेव्हणी बायकोहून सहा वर्षांनी धाकटी, तोंडाने फटकळ. आधी तिने, दाजी, दीड महिन्यात आज आठवण झाली का, म्हणून खरपूस समाचार घेतला. मग त्यांनी अडखळत सगळं सांगितलं, चित्रांचं, डोळे उघडे ठेवण्याचं. ती चिडेल असं त्यांना वाटलं होतं. ती चिडली नाही.

"दाजी, ताईला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही प्रार्थनेत बघता ते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने पाहिलं होतं. मला म्हणाली, सगळे डोळे मिटून बसलेले आणि हे तिथे वर एकटेच जागे. माझी नजर पडली तर ओशाळतील, म्हणून मी घट्ट मिटून घेते."

फोन ठेवल्यावर पाळकसाहेब रडले. आणि रडून झाल्यावर त्यांना तिचा राग आला. मरण पावलेल्या बायकोवर रागावणं बरं दिसत नाही, पण आला. बाई गं, एकदा तरी डोळे उघडायचेस. मी ओशाळलो असतो, घरी येऊन दोन दिवस धुसफुसलो असतो, पण तिथे दुसरं कुणीतरी जागं आहे हे मला कळलं असतं. दोघांनी एकमेकांना इतकं सांभाळलं होतं की दोघंही एकटी राहिली होती.

पुढच्या रविवारी त्यांनी कमिटीचा नियम मोडला. इस्त्रीच्या दुकानामागच्या गल्लीत एक लहानसं चर्च होतं, तिथे जाऊन ते शेवटच्या बाकावर बसले. पाळक तिशीचा असेल. कान मोठे, आवाज बारीक, उपदेश कागदावरून वाचत होता आणि ओळ चुकत होता. पाळकसाहेबांनी मनातल्या मनात त्याला दहापैकी चार गुण दिले. मग प्रार्थना सुरू झाली आणि बाकांवरची सगळी डोकी खाली गेली.

पाळकसाहेब डोळे मिटायचं ठरवूनच आले होते. पण जुनी खोड, मिटेनात. तेवढ्यात वरच्या तरुणाने मान उचलली. त्याने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग त्याची नजर पहिल्या बाकावरून सरकत सरकत मागे यायला लागली. तोंडाने आजाऱ्यांसाठी विनंती चालली होती आणि मनात सतरा, अठरा, एकोणीस. हे पाळकसाहेबांशिवाय कुणाला कळलं असतं? नजर शेवटच्या बाकापाशी आली आणि तिथे तिला दोन उघडे डोळे भेटले.

पोरगा पांढराफटक पडला. वाक्य अर्ध्यात तुटलं. पाळकसाहेबांना वाटलं, आता आपण मिटून घ्यावेत. बायकोने हेच केलं असतं, आणि मायेनेच केलं असतं. पण त्यांनी मिटले नाहीत. चर्चभर शांतता पसरली. मंडळींना वाटलं असावं की पाळक मूक प्रार्थना करवून घेतोय, सगळे आणखी खाली वाकले. त्या तेवढ्या वाकलेल्या डोक्यांवरून दोघं एकमेकांकडे बघत राहिले. पाळकसाहेबांनी मान किंचित हलवली. मी आहे, चालू दे, एवढंच. मग तरुणाने हातातला कागद बाजूला ठेवला आणि एरवीच्या आवाजात, जवळच्या माणसाशी बोलावं तसं, पुढे बोलायला लागला. दोन वर्षांत पहिल्यांदा पाळकसाहेबांना वाटलं की बोललेलं कुठेतरी पोचतंय.

दुपारी त्यांनी कमिटीला पत्र लिहिलं. चार ओळींचं. मी निवृत्त होतो. नवीन पाळक लवकर बघावा. यापुढे मला मंडळीत खाली बसू द्यावं, आणि प्रार्थनेच्या वेळी माझ्या डोळ्यांबद्दल कुणी नव्या पाळकांकडे तक्रार करू नये.

पत्र पोचल्याच्या दिवशी सेक्रेटरींचा फोन आला. त्यांना वाईट वाटलं होतं. ते म्हणाले की निवृत्तीचं आपण सावकाश बोलू, पण डोळ्यांकडे दुर्लक्ष करू नका, मोतीबिंदूचं हल्ली अर्ध्या तासात होतं, त्यांच्या भावाचं झालं. "किती दिवसांपासून त्रास आहे, पाळकसाहेब?"

"त्रास नाही," पाळकसाहेब म्हणाले. "मला अजून चांगलं दिसतं."