पोचलेल्यांची पाहणी

दादा माझा सख्खा भाऊ आहे, म्हणून सांगते, पुराव्याचं एवढं वेड लागलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आरोग्य खात्याचा संचालक झाल्यापासून आमटीत मीठ कमी म्हटलं तरी विचारतो, "आधार काय?"

डोंगरापलीकडच्या दवाखान्यात मी डॉक्टर आहे. तिथला बाळंतपणाचा विभाग त्याच्या खात्याने वर्षभर प्रयोग म्हणून बंद ठेवला. बायकांनी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जायचं! आज ठरणार होतं, विभाग उघडायचा की कायमचा बंद करायचा.

बैठकीत दादाने पडद्यावर आलेख दाखवला. "मोठ्या दवाखान्यातल्या बाळंतिणींची पाहणी केली. पोचायला अडचण आली नाही, असं जवळजवळ सगळ्याच म्हणाल्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बिस्किटं फिरली. माझं डोकं फिरलं.

"विचारलं कुठे?"

"वॉर्डात. प्रत्येक खाटेपाशी जाऊन."

"अरे, खाटेवर आहे म्हणजे ती पोचलीच की! जी वाटेतच गेली तिला कोणी विचारलं?"

"डॉक्टर," दादा म्हणाला. बैठकीत मी त्याची बहीण नसते. "जी दाखलच झाली नाही, ती पाहणीत कशी येणार?"

बाहेरच्या बाकावर एक गवंडी बसला होता. त्याची बायको खिंडीतल्या वळणावर गाडीतच गेली, पोटातल्या बाळासकट. मीच त्याला आणलं होतं. आत बोलावलं.

"जाताना ह्या बाईंच्या दवाखान्यावरूनच गेलो," तो म्हणाला. "बाळंतपणाच्या खोलीला कुलूप होतं."

कोणी वर बघेना. 

"फार वाईट झालं," दादा म्हणाला. "पण एकाची हकीकत म्हणजे पुरावा नव्हे."

"मग बाकीच्यांना शोध ना!"

"त्याला नवी पाहणी लागेल. निर्णय आज घ्यायचाय."

आधी कळस मग पाया, दुसरं काय! हात वर झाले. विभाग कायमचा बंद.

जिन्यात दादाने मला गाठलं. आता मी परत बहीण. "रागावू नकोस गं. रविवारी आईकडे जेवायला येतेस ना? सगळे जमणार आहेत."

"नाही."

"अगं, आई विचारेल ना, का आली नाही म्हणून!"

"तिला म्हणावं, जे आलेत त्यांनाच विचार," मी म्हटलं, आणि गवंड्याला घेऊन खाली उतरले.