साहेबांचा 'त'

नाक धरा, मित्रांनो, मगच जवळ या. मी एक जुना माइक आहे. चादरी धुण्याच्या कारखान्यात, जेवणघराच्या कोपऱ्यातल्या स्टँडवर माझं आयुष्य गेलं. माझ्या डोक्यावर स्पंजची टोपी आहे. एकेकाळी ती निळी होती. मधल्या काळात तिचा रंग काय झाला होता, ते विचारू नका.

दुकानाच्या काचेत होतो तेव्हा मीही चकचकीत होतो. इथे आलो तेव्हा मालकीणबाईंनी मला हातात घेतलं नि म्हणाल्या, "आवाज किती स्वच्छ आहे हो याचा!" त्या थोडंच बोलायच्या, आणि बोलून झालं की रुमालानं मला पुसायच्या. पुढे त्या थकल्या, कारभार त्यांनी नेमलेल्या साहेबांच्या हाती गेला आणि माझे हाल सुरू झाले.

शी! आठवलं तरी अंगावर काटा येतो. साहेब जेवल्याबरोबर भाषणाला उभे राहायचे. कच्च्या कांद्याचा भपकारा, वर थुंकीचे तुषार, आणि मला तोंडात घालतात की काय इतके जवळ! हातांना सदा घाम. त्या घामाचा नि तेलाचा चिकट थर माझ्या बटणाभोवती साचत गेला. पुसणार कोण? 'पुढारी म्हणजे सेवक,' असं मला भिजवत भिजवत ते सांगायचे. पण खरं सांगू? कांद्याची किळस मी गिळली असती. त्यांच्या शब्दांची गिळवत नव्हती.

साहेबांचा आवडता शब्द 'आपण'. "आपण इस्त्रीच्या यंत्राचा वेग वाढवू! आपण सगळ्यांच्या पुढे जाऊ!" टाळ्या पडल्या. इस्त्रीवरचे काका तेवढे म्हणाले, "कापड करपेल, साहेब." पाळीच्या प्रमुख ताईंनाही ते पटलं होतं. पण ताईंना माझी भारी भीती. माझ्यासमोर आल्या की त्यांची दातखीळच बसायची. त्यांनी नुसती मान डोलावली, आणि वेग वाढला.

व्हायचं तेच झालं. एका मोठ्या हॉटेलच्या चादरींचे गठ्ठेच्या गठ्ठे करपले. साहेबांनी सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. पुढच्या खुर्चीत मालकीणबाई बसल्या होत्या. साहेबांनी घसा खाकरला, त्यातलं निम्मं माझ्या टोपीत, आणि मधाळ आवाजात म्हणाले, "काका, आपण चूक केलीत. उद्यापासून आपण येऊ नका."

ऐकलंत? वेग वाढवताना 'आपण' म्हणजे आम्ही सगळे. चूक निघाल्यावर 'केली'च्या शेवटी एक 'त' चिकटवला, की 'आपण' म्हणजे एकटे काका! तो 'त' माझ्याच तोंडून जेवणघरभर गेला नि मला अक्षरशः ओकारी आली. काका मान खाली घालून ॲप्रनची गाठ सोडू लागले. त्यांची लेक अजून शिकत होती. नोकरी गेली असती तर तिचं शिक्षणही गेलं असतं.

तेवढ्यात ताई उठल्या. माझी एवढी भीती त्यांना! तरी त्यांनी साहेबांच्या हातातून मला ओढलंच.

"साहेब, 'केलीत' नाही, 'केली'. आपण चूक केली. वेग वाढवा असं तुम्ही सांगितलंत. मला पटलं नव्हतं, तरी मी मान डोलावली. करपेल म्हणाले ते एकटे काका."

साहेबांनी झडप घालून माझं बटण दाबलं. परत दाबलं. बटण हलेना! त्यांच्याच हातचा चिकटा त्यात घट्ट बसला होता. "बंद हो ना, गाढवा!" हेही सगळ्यांना खणखणीत ऐकू गेलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"काका, ॲप्रन बांधा," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि साहेब, चला, आपण जरा आत बोलू. आपण म्हणजे तुम्ही आणि मी."

हल्ली ताई बोलतात. आवाज अजून थरथरतो, पण बोलतात. आधी माझी टोपी काढून साबणानं धुतात. पहिल्यांदा धुतली तेव्हा काळंकुट्ट पाणी निघालं आणि त्यांनीही नाक मुरडलं. बटण मात्र त्यांनी तसंच अडकलेलं ठेवलंय.

म्हणून सांगतो, मित्रांनो, उद्या चार माणसांच्या पुढे उभे राहाल, तेव्हा माझ्यासारख्याला आधी पुसा. आणि चूक झाली, तर तो 'त' तेवढा गिळा. कांद्याचा वास साबणानं गेला. त्या 'त'चा मला अजून येतो.