माझ्या पोटातली तपकिरी कॅप्सूल

झाकण उघडं आहे तोवर बोलून घेते. एकदा का ते टक्कन बसलं, की मग आतल्या आत पुटपुटण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही. मी गोळ्यांची डबी. सात खणांची, सोमवार ते रविवार. अंगाने फिकट निळी, प्लॅस्टिकची, लांबीला वीतभर. गुरुवारचं अक्षर घासून गेलंय, त्यामुळे या घरात गुरुवार म्हणजे बुधवारच्या शेजारचा.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं फारसं काही नाही. गरम प्लॅस्टिक साच्यात शिरलं, साचा उघडला आणि मी माझ्या बहिणींसोबत टपाटप खाली पडले. पुढे औषधांच्या दुकानात काउंटरवर खोकल्याच्या गोळ्यांच्या शेजारी बसून राहिले. लोक मला उचलायचे, झाकणं उघडून मिटून बघायचे आणि परत ठेवायचे. त्यातल्याच एकीने मला परत ठेवलं नाही. पस्तिशीची बाई, पण मी तिला मुलगीच म्हणते, कारण मला आणलं होतं तिच्या बापासाठी.

बाप काचवाला. खिडक्यांच्या, कपाटांच्या काचा कापण्यात चाळीस वर्षं गेलेली. काच कापायला जोर लागत नाही म्हणे. पट्टी धरायची आणि हिऱ्याने एकच रेघ ओढायची, न थांबता, न उचलता. मग खालून हलकी टिचकी, की काच आपण होऊन दोन होते. त्याच रेघेवर दुसऱ्यांदा हात फिरवला, की काच वाकडी गेलीच म्हणून समजा. मी घरात येण्याच्या आधी दोनेक वर्षं त्याचा उजवा हात थरथरायला लागला. त्याने तो खिशात घातला. काही दिवसांनी खिसाच थरथरायला लागला, तेव्हा मुलीने त्याला धरून मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी सांगितलेलं मुलगी घरी इतक्यांदा सांगायची, की मलाही पाठ झालंय. मेंदूत डोपामाइन नावाचं एक रसायन असतं. हात हलवायचा असो, की एखादं काम करावंसं वाटायचं असो, त्याचं त्यात काहीतरी असतंच. बाबांच्या मेंदूत ते बनवणाऱ्या पेशी कमी होत चालल्यात. त्यावर पिवळी गोळी, दिवसातून तीनदा, घड्याळ लावून. शिवाय एक पांढरी, एक गुलाबी. म्हणजे माझ्या प्रत्येक खणात पाच. दर रविवारी सकाळी चहा झाला की मुलगी चष्मा लावून बसायची, माझी सातही झाकणं उघडायची आणि मोठ्याने मोजत मला भरायची. बाप समोर बसून म्हणायचा, “अगं, गोळ्या भरतेस की खजिना पुरतेस?”

मुलगी कोर्टात लघुलेखिका. साक्षीदार बोलेल तो शब्द न् शब्द टिपून घ्यायचा. वकील ओरडो, साक्षीदार रडो, हिने मान वर करायची नाही. पण घरी बापाचं हे, आणि कोर्टात दिवसभर मान खाली. एकदा एका साक्षीतलं आख्खं वाक्य तिच्याकडून सुटलं आणि साहेबांनी सगळ्यांदेखत तिची हजेरी घेतली. त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या बाईने तिला एक बाटली दाखवली. “घेऊन बघ, डोकं कसं सुईसारखं चालतं!” बाटलीवर लिहिलं होतं, खाजकुयलीच्या बियांचा अर्क, एकाग्रता, उत्साह, स्मरण, डोपामाइन वाढवते.

पहिले आठ दिवस आमच्याकडे नुसता सोहळा! मुलगी पाचला उठायची, कपाटं आवरायची, गाणं म्हणायची. कोर्टात एक अक्षर सुटेना. मग हळूहळू गाडी मूळ पदावर आली. एकाच्या दोन झाल्या. दोनाने चिडचिड तेवढी वाढली, पण बाटली काही सुटेना, कारण सोडली की माणूस ओल्या पोत्यासारखं पडून राही. मी हे सगळं फडताळातून बघत होते. ती बाटली माझ्याच शेजारी असायची. आमचं फारसं जमायचं नाही. फार मोठ्या अक्षरांत बोलायची ती.

एका रविवारी मुलीचा हात माझ्या सोमवारवर आला आणि थांबला. तिने बाटली उचलली, लिहिलेलं वाचलं, पुन्हा वाचलं.

“बाबा, तुमच्यात कशाची कमी आहे?”

“अकलेची. तुझी आई सांगायचीच.”

“डोपामाइनची. आणि ही बघा, यात तेच आहे. शिवाय बियांचं, झाडपाल्याचं. अपाय काय व्हायचाय?”

“डॉक्टरांना विचारलंस?”

“त्या काय, उगाच ओरडतील. एक घेऊन बघू. व्हिटॅमिन समजा.”

आणि टप्पकन माझ्या सोमवारात एक तपकिरी कॅप्सूल पडली. मग मंगळवारात, मग बुधवारात. मी ओरडले असते हो, पण डबीने काय करायचं? माझ्या पोटात जे घालाल ते धरून ठेवायचं, एवढंच माझं काम. पिवळ्या गोळीला तर हसूच फुटलं. म्हणाली, “ही तर माझीच सावत्र बहीण, कपडे बदलून आलीये!”

आणि खरं सांगते, बरं वाटलं त्याला. तेच तर वाईट झालं. पंधरा दिवसांत हात इतका शांत, की स्वयंपाकघराच्या खिडकीची तडकलेली काच त्याने स्वतः काढली. पलंगाखालून नवी काच ओढली, पट्टी ठेवली, हिरा टेकवला. मुलगी दारात तोंडावर हात धरून उभी. एक रेघ. एक टिचकी. काच सरळ दोन झाली. बाप काचेच्या कडेवरून नुसता अंगठा फिरवत राहिला. मुलगी मात्र ढसाढसा रडली. त्या दिवसापासून तपकिरी एकाच्या दोन झाल्या. माझ्या खणात आता सात.

पुढच्या महिन्यात त्याची मान वळायला लागली. आपोआप. मग खांदा, मग पाय. थरथर नव्हे, अंगभर वळवळ, जणू कुणी आतून दोऱ्या ओढतंय. रात्रीची झोप गेली. बसल्या बसल्या म्हणायचा, “त्या खिडकीत कोण बसलंय गं?” खिडकीत कोणी नसायचं. मुलगी म्हणाली, “आजार वाढतोय.” अगं बाई, आजार नाही गं, तू वाढतेयस! पण माझं ऐकतं कोण. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तपासणीचा दिवस आला. बाईंचा नियम, येताना डबी घेऊन यायची. निघण्याआधी मुलीने माझी सातही झाकणं उघडली आणि एकेक करून सगळ्या तपकिरी कॅप्सूल वेचून रुमालात बांधल्या. मला कळेचना, ही काय करतेय! मग कळलं तेव्हा प्लॅस्टिकच्या अंगालाही घाम फुटला. बाईंनी मला हातात घेतलं, उघडलं, पाच-पाच गोळ्या बघितल्या आणि म्हणाल्या, “डबी तर अगदी व्यवस्थित आहे. मग एवढी वळवळ का?” मी त्यांच्या तळहातावर उघडीवाघडी पडून खोटी साक्ष दिली. त्यांनी पिवळी गोळी कमी केली.

झालं, आगीतून फुफाट्यात! पिवळी कमी झाली, तपकिरी घरी आल्यावर पुन्हा आत गेल्या. त्या बाटलीत तरी कुठे एका कॅप्सूलसारखी दुसरी? एके दिवशी वळवळ, दुसऱ्या दिवशी लाकूड. मुलगी घाबरली आणि एका सकाळी तिने तपकिरी एकदम बंद केल्या. तिसऱ्या दिवशी बाप न्हाणीघराच्या दारात अडकला. एक पाय आत, एक बाहेर, आणि पाऊल म्हणून उचलेना. “मला ढकल,” म्हणाला, “जमिनीने धरलंय मला.” पाऊण तास तो तसाच उभा होता आणि ती त्याच्या कमरेला मिठी मारून उभी होती. दुपारी तिने रडत रडत तपकिरी परत भरल्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगावं तर बाईंसमोर पाच महिन्यांचं खोटं उघडं पडणार, न सांगावं तर बाप डोळ्यांदेखत हातचा जाणार. माझ्या सात झाकणांपेक्षा तिचं एक झाकण घट्ट होतं.

पुढच्या तपासणीला तिने पुन्हा रुमाल घेतला. बाईंनी बापाला चालवलं, बसवलं, बोटं मिटवून बघितली आणि पेन खाली ठेवलं.

“काका, गोळ्यांनी आता ताळमेळ बसत नाहीये. मला वाटतं ऑपरेशनचा विचार करावा लागेल. कवटीला छिद्र पाडून मेंदूत बारीक तार बसवतात. पुष्कळांना गुण येतो. पण धोका आहेच.”

मी मुलीकडे बघितलं. बोल गं, बोल! मी बाईंच्या टेबलावर होते, रुमाल तिच्या पिशवीत होता, मध्ये फक्त हातभर अंतर. तिने पिशवी छातीशी धरली आणि विचारलं, “किती दिवस राहावं लागेल?”

तेवढ्यात बाप बोलला. मान वळत होती, शब्द तुटत होते, पण बोलला.

“बाई, त्या डबीत गोळ्या किती आहेत?”

“पाच, काका.”

“घरी सात असतात.”

खोलीत कोणी हललं नाही, त्याचा खांदा सोडून. मग मुलीने पिशवी उघडली. रुमालाची गाठ तिला सुटेना, ती बाईंनी सोडवली. कॅप्सूल टेबलावर घरंगळल्या. मुलगी म्हणाली, “मीच दिल्या. पाच महिने. मला वाटलं...”

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी एक कॅप्सूल उचलून उजेडात धरली. म्हणाल्या, “या बियांत जे असतं तेच माझ्या पिवळ्या गोळीत आहे. फरक एवढाच, की माझ्या गोळीत ते किती आहे हे मला माहीत असतं. यात किती आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. डोपामाइन जितकं जास्त तितकं बरं, असं नसतं हो ताई. कमी पडलं की माणूस गोठतो आणि जास्त झालं की असा वळवळतो, भलतंसलतं बघतो. आणि हे एकदम बंद करायचं नाही. मी लिहून देते तसं हळूहळू उतरवायचं. ऑपरेशनचं आता राहू द्या, नंतर बघू. तुम्हीही घेता का?” मुलीने मान डोलावली. “मग तुमचंही बोलू.”

बाहेर बाकावर बसल्यावर मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्हाला सगळं कळत होतं. मग मागच्या वेळी का नाही बोललात?”

बापाने आपल्या हाताकडे बघितलं. “बोललो असतो तर त्यांनी बंद केली असती ना ती. मला आणखी एक काच कापायची होती गं.”

त्याच्या मांडीवरचा वळवळता हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि दोघं बापलेक मला मध्ये ठेवून बसून राहिली.

याला आता तीन महिने झाले. वळवळ उतरली, खिडकीतला माणूस गेला. थरथर मात्र परत आली, ती कुठे जाणार? मुलीची बाटलीही सुटली. कोर्टात वाक्यं सुटतात अधूनमधून, पण साहेबांचं ऐकून घेऊन ती घरी येऊन झोपते. मला आता बाप स्वतः भरतो. मुलीने शपथच घेतलीये, बाबांच्या डबीला पुन्हा हात लावणार नाही म्हणून. तो एकेक गोळी चिमटीत धरतो, दोन खाली पाडतो, तास लावतो. ती शेजारी बसते, दोन्ही हात मांडीखाली दाबून, आणि दुसरीकडे बघते.

म्हणूनच तिला दिसलं नाही. त्या दिवशी टेबलावर कॅप्सूल घरंगळल्या तेव्हा एक बापाच्या मुठीत गेली. बाईंनी मोजल्या नाहीत. ती आता माझ्या रविवारात आहे, गुलाबी गोळीच्या खाली. तो दर रविवारी तिला बाहेर काढतो, उजेडात धरतो आणि परत ठेवतो. एकाने काय होतंय, म्हणाल. या घरात सुरुवात एकानेच झाली होती. आणि काल त्याने पलंगाखालची काच ओढून पुसून ठेवली. हिराही काढलाय.

हा बघा, आलाच तो. आता झाकण लागेल. पोरी, तुझी शपथ राहू दे बाजूला. मी तुला दोष देत नाही गं, त्यालाही देत नाही. पण तेव्हा न विचारता उघडायचीस ना मला? एकदा, एकदाच, आजही उघड.