एकतिसावं घर

जावा बेटावरच्या सुम्बरवारू गावच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर वुर्यानीबाईंनी गावातल्या घरांचा इतिहास लिहायला घेतला. गावप्रमुखानंच गळ घातली होती. घर कुणी बांधलं, लाकूड कुठून आलं, जमीन आधी कुणाची, असं विचारत त्या चार महिने दारोदार हिंडल्या. स्वतःचं घर शेवटी ठेवलं होतं. ते तर वडिलांनीच बांधलेलं, त्यात शोधायचं काय?

गावकचेरीत कारकून सुगेंगनं जमिनीची जुनी वही काढून दिली. एकतीस क्रमांकापुढे वडिलांचं नाव होतं. त्याच्या वर, आडवी रेघ मारलेलं, आणखी एक: कार्सोविदी. बाजूला साल, १९६६.

"हा कोण रे?"

सुगेंगनं वही हळूच स्वतःकडे ओढली. "बाई, त्या सालच्या रेघांबद्दल जावात कुणी विचारत नाही. वडिलांनी बांधलं म्हणून लिहा आणि मोकळ्या व्हा."

बाई उठल्या त्या थेट आपल्या घरासमोर राहणाऱ्या तुमिराहकडे गेल्या. नव्वदी गाठलेल्या या म्हातारीला सगळं गाव म्बाह म्हणे, म्हणजे आजी.

"कार्सोविदी शेतकरी संघटनेतला, म्हणजे त्या साली कम्युनिस्टच ठरला," म्बाह पान कुटता कुटता म्हणाली. "लष्कराचा ट्रक आला, त्याला बसवून नेलं. पुन्हा कुणाला दिसला नाही. बायको पाइनाह दोन महिने एकटीच राहिली. मग तुझा बाप वळकट्या घेऊन आला."

"बाबांनी घर बळकावलं?"

"गावकचेरीनं त्याला दिलं, त्यानं नको म्हटलं नाही. यात फरक काय, ते तूच सांग. तू शिकलेली."

बाईंनी विचारलं, "आणि पाइनाह?"

"गेली माहेरी, सागाच्या रानाकडे. पण रोजे सुरू होण्याआधी लोक थडग्यांवर फुलं घालायला जातात ना, तेव्हा दर वर्षी यायची. नवऱ्याचं थडगंच नाही, मग तुमच्या कुंपणाशी उभी राहायची. तुझी आई खिडकी लावून घ्यायची."

बाईंना ती बाई आठवली. हातात फुलांची परडी, अंगावर विटकं बाटिक. 'वेडी आहे, बघू नको,' आई म्हणायची.

"कधी वारली ती?"

"तीस वर्षं झाली." म्बाहनं बत्ता खाली ठेवला. "अजून येते. मी बघते ना इथून."

बाईंनी सगळं लिहून दिलं. गावप्रमुखानं ते पान परत केलं. "बाई, आनंदाचं पुस्तक आहे. जुनं कशाला उकरता?" बाई एक ओळ बदलायला तयार होईनात. पुस्तक छापून आलं, त्यात तिसाव्या घरानंतर एकदम बत्तिसावं.

रोज्यांच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी, कुंपणाशी कुणी उभं असल्याचं बाईंना जाणवलं. खिडकीतून पाहिलं, परडी दिसली. त्यांनी दार सताड उघडलं आणि त्या अंगणात येऊन बाजूला उभ्या राहिल्या.

"या," त्या म्हणाल्या. "घर तुमचंच आहे."

पावलं वाजली नाहीत. पण आत स्वयंपाकघरात कुणीतरी चुलीशी वाकल्यासारखं झालं, एकामागून एक भांडी हलली, जशी घरची बाई हलवते. मग मोगऱ्याचा वास आला आणि घर शांत झालं.

ऊन उतरेपर्यंत बाई अंगणातच उभ्या होत्या. आत कुणाच्या परवानगीनं जायचं, हे त्यांना कळेना.