बांगड्याच्या दुधातली पुडी

शिरोड्याच्या माडांत दुपार उतरली की बाबली आणि त्याचा म्हातारा कुत्रा बांगडो पडवीत शेजारी शेजारी पेंगत. समुद्राची गाज इतकी हळू येई की ती बाहेरून येते की झोपेतून, ते कळत नसे. दोघांचेही गुडघे दुखत.

डॉक्टरांनी दिलेल्या ड जीवनसत्त्वाच्या पुड्यांनी बाबलीला बरं वाटू लागलं होतं. अशाच एका सुस्त दुपारी त्याने एक पुडी दुधात कालवून बांगड्यापुढे ठेवली. "माका बरा वाटला, तुका पण वाटतला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बांगडो ओकला. जेवेना, नुसतं पाणी पीत राहिला.

"ह्येका काय घातलात?" बाबलीच्या बायकोने, सीताने विचारलं. पुडीचं ऐकताच तिने रिक्षा बोलावली.

"माणसाला आठवडाभर पुरणारी मात्रा कुत्र्याला विषासारखी बाधू शकते," जनावरांच्या डॉक्टर म्हणाल्या. "रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंडं बिघडतात. लगेच आणलंत ते बरं झालं."

सलाईन सुरू झालं. बाबली बांगड्याच्या कानांवरून हात फिरवत बसून राहिला. "माका खंय ठावक रे," एवढंच तो पुटपुटला.

बरेच दिवस उपचार चालले आणि बांगडो वाचला. घरी आल्यावर त्याने सीताच्या हातून पेज चाटली आणि उन्हाच्या कवडशात झोपला. झोपेत त्याचे पाय हलू लागले, जणू तो दूर कुठेतरी धावत होता.

"खंय चललस रे?" बाबलीने हळूच विचारलं, आणि त्याला न उठवता तो तिथेच आडवा झाला.