बियाच्या कोंबडीची टोपली

मित्रांनो, मी एक टोपली आहे, कोंबड्या डालायची. आता जुनी झाले, कड उसवली आणि मुकुटबनच्या पुढच्या एका खेड्यात काट्याच्या कुंपणाबाहेर पालथी पडले आहे. माझ्या जवळून जाताना माणसं तोंडावर रुमाल धरतात, पोरांना दंडाला धरून पलीकडच्या अंगाने नेतात. सफाईवाले आले की मला जाळणार आहेत. त्याआधी कुणाला तरी सांगावं म्हणून बोलते. मी जरा तोंडाळ आहे, तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म पुसदचा. एका म्हाताऱ्या बुरडाने ओल्या बांबूच्या कामट्या काढून मला विणलं. आठवडी बाजारात इंदूबाईने मला हातात घेतलं, उलटीपालटी करून पाहिलं, वरून चांगलं दाबलं आणि म्हणाली, "दम हाय वं हिच्यात!" मग मला डोक्यावर उपडी घालून ती गावी घेऊन गेली. घरी नेल्यावर तिने मला शेणाने सारवलं, उन्हात वाळवलं. तेव्हा मी कशी दिसत असेन, काय सांगू तुम्हाला!

दिवस मावळायला आला की इंदूबाई कोंबड्यांना हाका मारायची आणि मला त्यांच्यावर उपडी घालायची. बोका यायचा, माझ्यावर चढून बसायचा आणि हात हलवत परत जायचा. इंदूबाईची लेक ममता तेव्हा लहान होती. माझ्या भोकाला डोळा लावून ती पिल्लं बघत बसायची. आईने कितीदा हाक मारली तरी उठायची नाही. पुढे ती मोठी झाली, लग्न होऊन इकडे मुकुटबनकडे आली. घरात इंदूबाई, कोंबड्या आणि मी राहिलो.

आता आमच्या गावची एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यामुळेच झालं. कोंबड्यांत मानमोडीची साथ आली, की बायका एक तुकतुकीत कोंबडी निवडायच्या आणि साथ नसलेल्या गावी, लेकीकडे नाहीतर बहिणीकडे नेऊन ठेवायच्या. ती बियाची कोंबडी. इकडे सगळ्या मेल्या तरी साथ सरल्यावर तिची पिल्लं परत आणायची. इंदूबाईने पूर्वी असंच बी राखलं होतं. अर्ध्या गावाने मग तिच्याकडून पिल्लं नेली. गाव तिचं नाव काढायचं, आणि टोपलीलाही लोक मजबूत म्हणायचे. मला बाई मोठा अभिमान होता.

यंदा मात्र मानमोडी नव्हती. आधी गावाबाहेरच्या शेडमधल्या कोंबड्या पटापट मेल्या. मग बाभळीखाली कावळे पडलेले दिसले. पांढरे अंगरखे घातलेली माणसं आली, खड्डे खणले, चुना टाकला. जनावरांची डॉक्टरीणबाई घरोघर फिरून सांगत होती. आमच्या अंगणातही आली.

"मावशी, ही मानमोडी नव्हे. हा फ्लू आहे. पक्ष्यांमधून माणसालाही होऊ शकतो. एकही कोंबडी गावाबाहेर नेऊ नका. उद्या आम्ही सगळ्या नेणार आहोत."

"नाई नेत वं बाई," इंदूबाई म्हणाली. डॉक्टरीणबाईची पाठ फिरली आणि हिने तांबडी कोंबडी धरली.

तांबडी चांगली टुणटुणीत दिसत होती. ममताला आठवा महिना लागला होता. बाळंतिणीला घरची अंडी मिळतील आणि बीही राहील, असा इंदूबाईचा हिशेब. मला उलटी करून तिने तांबडीला आत बसवलं, वरून लुगडं बांधलं आणि एसटीत मला मांडीवर घेऊन बसली. कंडक्टरने विचारलं तर म्हणाली, "लेकीले बोरं घेऊन चालली." अगं बाई, असं कसं गं तुला सुचलं!

ममता तांबडीला पाहून हरखली. तिने स्वतः तिला दाणे टाकले, जवळ घेतलं. तांबडी आधी गप्प बसू लागली, मग तिचा तुरा निळा पडला. ती मेली. मागोमाग ममताच्या घरच्या कोंबड्या गेल्या, मग शेजारच्या. नमुने तपासायला गेले आणि तोच रोग निघाला. पांढरे अंगरखे इथेही आले. ज्या बायकांनी ममताचे डोहाळे पुरवले, त्याच तिच्या दारासमोर उभ्या राहून बोटं मोडू लागल्या. "हिच्या मायनं आनला रोग," असं साऱ्या गावात झालं. मला त्याच दिवशी कुंपणाबाहेर फेकलं.

आणि ममताला ताप भरला. जावई राजदीपने तिला यवतमाळला नेलं. तिथे तिला वेगळ्या खोलीत ठेवलं, घशातला नमुना पुढे पाठवला. त्या धास्तीतच ती बाळंत झाली. मुलगी झाली, पण दिवस भरायच्या आधीच, मुठीएवढी. तपासणीत ममताला तो रोग नाही, साधा ताप आहे, असं निघालं. तरी गावात ते कुणाला पटेना. घरातही पटेना.

काल इंदूबाई आली. बगलेत बाळंतविडा होता. स्वतःच्या मऊ जुन्या लुगड्यांची दुपटी, टोपडं, झबलं, सारं तिने हाताने शिवलेलं.

"जयभीम, जावईबापू," ती फाटकातून म्हणाली. राजदीप जयभीम म्हणाला आणि आत निघून गेला. मग ममता दारात आली. तोंडाला ओढणी, छातीशी बाळ.

"आई, तितूनच पाह्य."

"अवं, रिपोर्ट साफ आला ना? डॉक्टरनं सांगतलं ना तुले?"

"सांगतलं."

"मंग? एकडाव मांडीवर घेऊ दे वं माय. हात धून घेतो मी, दहा खेपा धून घेतो."

ममता रडू लागली. "मले समजते, आई. पन तुह्या हाताची भीती वाटून राह्यली मले. रागावू नोको. तू नोको येत जाऊ."

बाळंतविडा फाटकावर ठेवून इंदूबाई एसटीच्या रस्त्याला लागली. तिला हाक मारावी असं फार वाटलं मला, पण टोपलीची हाक कोण ऐकणार?

मित्रांनो, तुमच्याकडे कोंबडी मेली, कावळा मेला, तर झाकू नका, नेऊ नका. आधी सांगा. मायेपोटी तर मुळीच नेऊ नका. तुम्ही ऐकाल असा मला भरवसा नाही, पण सांगून ठेवते. इंदूबाई काही वाईट बाई नाही हो.

आज राजदीपने तो बाळंतविडा काठीने उचलला आणि जाळायला म्हणून माझ्यावर आणून टाकला. दुपटी फार मऊ आहेत. बाळाच्या अंगाला लागायला हवी होती.