एकच ठोका

"बाबा, उठा आता. कलादालन बंद करतायत ते," मी घराच्या किल्ल्या हातात घेत पुन्हा म्हटलं.

सासरे हलले नाहीत. "अजून माझं आलं नाही," म्हणाले.

त्यांचं म्हणजे ट्रँगल. स्टीलची तिकोनी सळई, एका हाताने टांगून धरायची आणि दुसऱ्या हातातल्या छोट्या दांडीने वाजवायची. रेकॉर्डिंगला सगळ्या वादकांच्या मागे उभं राहून मात्रा मोजायच्या आणि आपली पाळी आली की टिंग! जन्मभर त्यांनी हेच केलं. आज इथे लागलेल्या त्यांच्या जुन्या गाण्यात तर त्यांचा एकच ठोका, तोही अगदी शेवटी. "एका टिंगसाठी दिवसभर ताटकळता?" असं सासूबाई चिडवायच्या.

आज त्या हव्या होत्या. कुणा कलावंताने प्रदर्शनासाठी तेच तीन मिनिटांचं गाणं संगणकावर ताणून ताणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुरवलं होतं. अंधारी खोली, चार बाकडी आणि संपता न संपणारा सूर. ना शब्द कळत होते, ना चाल. दुपारपर्यंत माझा जीव अगदी मेटाकुटीला आला.

सासऱ्यांचं काहीच बिघडलं नव्हतं. घरी ते रोज असेच बसतात. त्यांच्या हातून गॅस दोनदा उघडा राहिल्यापासून आम्ही कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतो. लावते मीच, नवऱ्याला ते बघवत नाही. "लवकर याल ना?" एवढंच ते आतून विचारतात. "हो हो," म्हणत मी जिना उतरते. त्यांचा दिवस केवढा असतो, ते मला इथे बसल्यावर कळलं.

पहारेकरी बटणापाशी गेला. "ताई, शेवटपर्यंत कुणी थांबतच नाही. आम्ही रोज थोडं आधीच बंद करतो."

म्हणजे यांचा ठोका इथे एकदाही वाजला नव्हता.

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते उठून उभे होते, पाठ ताठ. डावा हात छातीसमोर, काहीतरी टांगून धरल्यासारखा. उजव्या हाताची चिमूट हवेत. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"थांबा," मी पहारेकऱ्याला म्हणाले. "ते कामावर आहेत."

त्याने हात मागे घेतला.

सासऱ्यांची चिमूट जराशी पुढे गेली. आधी काहीच झालं नाही. मग त्या सुरातून बारीक, लखलखीत असं काहीतरी निघालं आणि वर चढत राहिलं. टिंग नव्हतंच ते. संपतच नव्हतं.

"बरोबर पडला ना गं?" त्यांनी हात तसाच ठेवून हळूच विचारलं.

"अगदी बरोबर, बाबा."

पहारेकऱ्याने टोपी काढली. हातातल्या किल्ल्या वाजू नयेत म्हणून मी मूठ घट्ट आवळून धरली.